नितळ बरणीतले खारट पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझे झाकण हरवले आहे आणि गळ्याचा एक टवका उडालेला आहे. पूर्वी माझ्यात कॉफी असे. कॉफी संपली तेव्हा मी कचऱ्यातच जायची, पण या घरची सून काही टाकू देत नाही, म्हणून वाचले.

एकदा समुद्र बांध फोडून घरामागच्या शेतात शिरला. पाणी ओसरले, पण माती पार बिघडली. वाळली की दगड, भिजली की साबण! सुनेच्या धाकट्या दिराने शेतात खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली.

"वहिनी, हा हंगाम तुमचा. काही उगवलं नाही, तर इथं गोदाम."

सुनेने माझ्यात मूठभर माती आणि पाणी घातले, तोंडावर तळहात दाबून मला खळखळा हलवले. दुसऱ्या दिवशीही मी गढूळच. मग तिने खारवलेली माती सुधारणाऱ्या जिप्समची चिमूटभर पांढरी भुकटी टाकली. काय नवल! मातीचे कण एकमेकांना बिलगून तळाशी बसले. माझ्यातून पलीकडची खिडकी दिसू लागली.

मग शेतभर जिप्सम मिसळले, गोडे पाणी सोडले. ते वाया जाऊ नये म्हणून सासऱ्यांनी चारही बांध घट्ट लिंपले. टोमॅटोची रोपे लावली आणि बघता बघता ती करपली.

"तुमची बरणी तेवढी पास झाली!" दीर म्हणाला.

सून मला, त्याच पाण्यासकट, पुढ्यात घेऊन बसली. पाणी एवढे नितळ, मग चुकले कुठे? तिची तान्ही लेक दिसेल ते तोंडात घालणारी. तिने माझ्यात मूठ बुडवून चोखली.

"अगं, थुंक! थुंक आधी!"

बाळाने तोंड असे काही वेडेवाकडे केले की सून लेकीचे तोंड पुसता पुसता थांबली. तिने स्वतः बोट बुडवून चाटले.

"बाबा, हे खारट आहे! मीठ मातीतून सुटलं, पण जाणार कुठून? बांध तर आपणच बंद केलेत."

सासऱ्यांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे पाहुण्याला जा म्हटलं आणि दाराला कडी घातली!"

त्यांनी उताराकडचा बांध फोडला आणि चर खणायला घेतला. दीर चरात उतरला. मग म्हणाला, "बाबा, सरका. अशानं वर्ष जाईल." कुदळ त्याच्या हातात गेली.

पुन्हा पुन्हा गोडे पाणी सोडले, चरातून वाहू दिले. दरवेळी चरातले पाणी माझ्यात यायचे आणि सून जिभेला लावून बघायची. एकदा तिने दोनदा चाखले. "आता खारट लागत नाही!"

आज मी खिडकीत आहे, बाळाचा हात पोहोचणार नाही अशा जागी. समोर पुन्हा लावलेली टोमॅटोची झाडे लगडलीत. ती गोदामाच्याच खुंट्यांना, त्याच सुतळीने बांधलीत आणि गाठी दिराने मारल्यात.

मित्रांनो, मातीला औषध द्याल, पाणी पाजाल, तेव्हा तिच्यातले मीठ बाहेर पडायला वाटही ठेवा. आणि माझ्यासारखी एखादी बरणी रिकामी झाली, तर टाकण्याआधी तिच्यात मूठभर माती घालून बघा.