काचेच्या खोलीतली मैत्री

मी एक जुनी मोटार आहे मित्रांनो, आणि आधीच सांगते, मला राग आलेला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात हे मला ठाऊक आहे. मीही होईन थोडीशी. पण माझ्यावर जे बेतलं ते ऐकलंत तर तुम्हीही रागवाल.

माझा जन्म जपानमधला. दोन दारं, दुधी हिरवा रंग, आणि थंडीत चोक ओढल्याशिवाय जागं न होणारं इंजिन. शिमोनोसेकी बंदरात तोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, विकणाऱ्या कुरिहारा तामोत्सू याने मला नवीकोरी घेतली. मागच्या सीटवर तोफूची भांडी ठेवून तो पहाटे गावभर फिरे. त्याची मुलगी माझ्यातूनच शाळेत गेली आणि माझ्यातूनच सासरी गेली. शेजाऱ्यांनी आपापल्या गाड्या भंगारात घातल्या, कुरिहाराने मला ठेवलं. पुढे गावातल्या अशाच हट्टी माणसांनी मिळून जुन्या गाड्यांचा क्लब काढला, त्यात आम्ही दोघं होतो.

समुद्रापलीकडे, कोरियातल्या बुसान शहरात, तसाच एक क्लब होता. तिथल्या प्यो गिलनामचं माशाच्या वड्यांचं दुकान होतं आणि त्याच्याकडे एक जुनी तीनचाकी मालगाडी होती. तिच्या ब्रेकचं रबर कोरियात कुठेच मिळेना. तो बोटीने शिमोनोसेकीला आला आणि विचारत विचारत आमच्या तोफूच्या दुकानात पोचला. त्याच्या आईचं बालपण जपानात गेलेलं, त्यामुळे त्याला मोडकंतोडकं जपानी येत होतं.

तो म्हणाला, "आमच्यावर तुमचं राज्य होतं तेव्हा तुमच्या लोकांनी माझ्या आजोबांना फार छळलं. ते मी विसरलेलो नाही. पण आत्ता मला ब्रेकचं रबर हवंय."

कुरिहारा म्हणाला, "छळलं हे खरं आहे. रबर माझ्याकडे आहे. आधी बसा, तोफू खा."

दोन क्लबांची मैत्री इथून सुरू झाली. एका वसंतात आम्ही बोटीत चढून बुसानला जायचो, पुढच्या वसंतात ते यायचे. बुसानला गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि माझं स्टिअरिंगही उजवीकडे, म्हणजे तिथे उलटंच. प्यो मुद्दाम माझ्या डाव्या सीटवर बसून दोन्ही हातांनी संत्रं सोलायचा. समोरून येणाऱ्यांना वाटायचं, ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून फळं खातोय. कुरिहारा इतका हसायचा की मला भीती वाटायची. माझं खरं आयुष्य तेच होतं.

मग कुरिहाराच्या नजरेपुढे धुकं दाटत गेलं. त्याने गाडी चालवायचा परवाना स्वतःहून परत केला आणि मला बुसानच्या क्लबाला देऊन टाकलं. धक्क्यावर किल्ली देताना तो प्योला एवढंच म्हणाला, "हिला चालती ठेव."

प्योने ठेवली. वड्यांच्या वासाची मला सवय झाली. त्याची मुलगी मिरान शहराची बस चालवते. सुट्टीच्या दिवशी ती मला पुलावरून फिरवून आणायची.

आता रागाची गोष्ट. क्लबाला नवा अध्यक्ष मिळाला, मेंग सूह्यॉन. टेकडीवर त्याचं मोठं कॉफीघर. माणूस गोडबोल्या, कपडे झकास. तो म्हणाला, ही गाडी म्हणजे ठेवा आहे, खाऱ्या वाऱ्यात सडायला नको. त्याने कॉफीघरात माझ्यासाठी काचेची खोली बांधली. माझं पेट्रोल उपसलं. बॅटरी काढली. चाकं जमिनीपासून उचलून मला लोखंडी घोड्यांवर चढवलं आणि भोवती लाल दोर लावला. समोर पितळेची पाटी: 'दोन देशांच्या मैत्रीचे प्रतीक'. हिवाळ्यापुरतं असेल म्हणून प्यो गप्प बसला. तो हिवाळा चार वर्षं चालला.

लोक कॉफी पीत माझ्यासोबत फोटो काढत. माझ्या आत काय चाललंय हे कुणाच्या मनातही आलं नाही. तेल सुकून चिकट झालं, पिस्टन जागच्या जागी गच्च बसले, रबराला भेगा पडल्या. काच मात्र रोज पुसली जात होती.

त्यातच दोन्ही सरकारांचं बिनसलं. मेंगने शिमोनोसेकीच्या लोकांना बोलावणं बंद केलं. कुरिहारा फोन करून विचारायचा, "कशी आहे ती?" प्यो सांगायचा, "मजेत आहे." एकदा कुरिहारा म्हणाला, "अजून थोडं दिसतंय. तेवढ्यात येऊन जातो."

क्लबाची बैठक माझ्या काचेशेजारीच भरली. प्यो म्हणाला, "अध्यक्ष, कुरिहारासान येताहेत. गाडी बाहेर काढू. धक्क्यावर न्यायची आहे."

"प्योदादा, सध्या वातावरण बरं नाही," मेंग म्हणाला. "आत्ता जपानी पाहुण्यांबरोबर आपण दिसणं शहाणपणाचं नाही."

"मग या जपानी गाडीबरोबर रोज दिसता ते?"

"गाडीची गोष्ट वेगळी. गाडी कुणाची बाजू घेत नाही."

मित्रांनो, हे ऐकून मला काय वाटलं असेल? मी त्या माणसाची बाजू घेते ज्याने मला चोपन्न वर्षं ऊनपावसात चालवलं. मैत्रीची पाटी लावायची आणि मित्राला दारात येऊ द्यायचं नाही, याला दुसरं काही नाव असेल, मैत्री नव्हे.

प्यो वाद घालत बसला नाही. कुरिहारा यायच्या दिवशी सकाळी, कॉफीघर माणसांनी भरलेलं असताना, तो आणि मिरान सरळ आत आले. मागून क्लबातले पाच-सहा म्हातारे. मिरानने लाल दोर उचलून बाजूला ठेवला.

मेंग धावत आला. "हे काय चाललंय? ही क्लबाची गाडी आहे."

"आम्हीच क्लब आहोत," प्यो म्हणाला. "तुम्ही अध्यक्ष आहात. त्या टोकाला धरा, नाहीतर बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. त्यांनी मला घोड्यांवरून उतरवलं, चाकांत हवा भरली, ढकलत दाराबाहेर आणलं. सुरू होण्याचा प्रश्नच नव्हता. तीनचाकीला दोर बांधून प्योने मला ओढलं, मिरान माझं स्टिअरिंग धरून बसली. टेकडी उतरताना मला लाज वाटत होती. ज्या धक्क्यावर मी स्वतःच्या बळावर धावत जायचे, तिथे आज ओढत नेली जात होते.

कुरिहारा काठी टेकत बोटीतून उतरला. त्याने माझ्या बॉनेटवर तळवा ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"सुरू कर," तो म्हणाला.

"होत नाही," प्यो म्हणाला. "अडकली आहे. चार वर्षं बंद होती. मी तुम्हाला खोटं सांगत होतो."

कुरिहारा म्हणाला, "मी तिकडे सगळ्यांना सांगत होतो, माझी गाडी बुसानच्या पुलावरून धावते म्हणून."

प्यो माफी मागत कमरेत वाकला आणि वर येईना. क्लबातले इतरही वाकले. मिरान तोंड फिरवून उभी राहिली.

"उठ," कुरिहारा शेवटी म्हणाला. "मी रागावलोय, आणि लगेच शांत होणार नाही. पण भूकही लागली आहे. हत्यारं कुठे आहेत?"

तो तसाच रागात प्योच्या घरी राहिला. वड्यांच्या दुकानामागे माझं इंजिन उघडलं गेलं. कुरिहारा सांगायचा, प्यो करायचा, दोघं भांडायचे. आठवड्याने शिमोनोसेकीहून क्लबातली दोन माणसं पिस्टन आणि रबरं पिशव्यांत घेऊन उतरली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. जेवणाला माणसं वाढत गेली तशी मिरानने दुकानातली बाकं मागे आणून टाकली.

एक दिवस मेंग आला. "काचेची खोली रिकामी आहे. गिऱ्हाइकं विचारतात."

"सांगा, मित्राला भेटायला गेलीय," मिरान म्हणाली.

मी सुरू झाले तेव्हा खूप खोकले, काळा धूर ओकले. मिरान मला घेऊन निघाली, आणि पुलावर पोचेपर्यंत शेजारी बसलेला कुरिहारा एक शब्द बोलला नाही. मधोमध आल्यावर त्याने काच खाली केली आणि म्हणाला, "आता शांत झालो."

माझा राग मात्र गेलेला नाही. मेंगने काचेच्या खोलीत माझा मोठा फोटो लावला आहे, पाटी तीच. सरकारांचं अजून जुळलेलं नाही. आमच्या सात गाड्या या वसंतात बोटीत चढल्या, तेव्हा अधिकाऱ्याने विचारलं, अशा दिवसांत तिकडे काय काम? प्यो म्हणाला, "जेवायला बोलावलंय."

म्हणून मित्रांनो, कुणी तुम्हाला प्रेमाने काही दिलं असेल तर ते वापरा. झिजलं तर दुरुस्त करा. आणि ज्याने दिलं त्याला घरी बोलवा, वातावरण बरं नसेल तेव्हा तर आधी बोलवा.