सुनेच्या कडेवरची बरणी

त्या बेकरीतलं यीस्ट महाहट्टी होतं. वेळेवर पीठ-पाणी मिळालं नाही, तर रुसून वर काळपट पाणी सोडायचं. जास्त मिळालं, तर झाकण छताला मारायचं. छतावर त्याचा गोल वण अजून आहे, आणि मांजर आजही त्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही.

सून लग्न होऊन आली, तशी सासूबाईंनी त्या यीस्टची बरणी तिच्या कडेवर दिली. तेव्हापासून घर सगळ्या लग्नकार्यांना जायचं आणि सून मागे राहायची. कुठे जाऊ या म्हटलं, की नवरा आधी बरणीकडे बघायचा. भट्टीजवळ ठेवली तर यीस्ट जास्तच आंबायचं, फार गारठ्यात ठेवली तर सुस्तावायचं. म्हणून बरणीची जागा जिन्याखालच्या थंड कोपऱ्यात आणि सुनेची जागा बरणीपाशी.

सुनेच्या थोरल्या बहिणीचे दिवस भरत आले होते, जवळ कुणी नव्हतं. येशील का, असं तिनं फोनवर विचारलं. सून "बघते" म्हणाली. हे "बघते" बहिणीनं इतक्यांदा ऐकलं होतं, की तिनं पुढचं न ऐकता फोन ठेवला.

त्या दुपारी सुनेनं बरणीवरून ओघळून वाळलेले पापुद्रे खरवडले आणि पीठ लागलेल्या पातेल्यातल्या कोमट पाण्यात रागारागानं फेकले. संध्याकाळी पातेलं फसफसत होतं.

म्हणजे वाळलं तरी ते मेलं नव्हतं, नुसतं झोपलं होतं.

मग तिनं चमचाभर यीस्ट कागदावर पातळ पसरलं, भट्टीपासून लांब, सावलीत कुडकुडीत वाळवलं, चुरलं आणि कोरड्या बाटलीत घट्ट झाकून फ्रिजच्या तळाशी लपवलं. काही दिवसांनी चिमूटभर काढून कोमट पाणी आणि पीठ दिलं, तर पठ्ठ्या जांभया देत उठला. सून बाटली घेऊन सासूबाईंकडे धावली.

सासूबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. मग रिकाम्या डब्यांमागे हात घालून तशीच एक जुनी बाटली काढली.

"हळू बोल. भिंतींना कान असतात, या भिंतींना मुलगा आहे माझा."

"आई, तुम्हाला माहीत होतं? आणि मी इथे बरणी राखत..."

सासूबाईंनी दार लोटलं. त्यांच्या सासरच्या गोतावळ्यात पाहुणी गेलेली सून पदर खोचून राबूनच परत यायची, असं त्यांनी सांगितलं. एका नणंदेनं तर त्यांच्याकडून आख्खं घर धुऊन घेतलं होतं, छपरासकट.

"माझ्या तोंडून कधी 'नाही' निघालं नाही गं. माझ्या वतीनं बरणी म्हणायची. तुझीही तेवढीच सोय होईल असं वाटलं."

"मला जायचं होतं, आई."

सासूबाईंनी आपली बाटली परत डब्यांमागे सरकवली.

"मग जा. बरणीपाशी मी थांबते, असं सगळ्यांना सांग. आणि बाटलीचं कुणाला बोलू नकोस. पुढच्या आठवड्यात नणंदेनं बोलावलंय मला."

सून बसमध्ये बसली. मांडीवर बहिणीसाठी घेतलेल्या पावांची पिशवी होती. उन्हं उतरली, बरणीला पीठ घालायची वेळ झाली, आणि तिची बोटं आपोआप झाकण शोधू लागली. बसनं गचका दिला तसा तिनं पिशवीवर तळहात दाबून धरला आणि उतरेपर्यंत काढला नाही.