पाहुणीच्या पिशवीतला पटर

मी पटर बोलतोय. गोल्फच्या पिशवीतली सगळ्यात आखूड काठी. बाकीच्या काठ्यांनी चेंडू लांब धाडायचा, आणि शेवटी होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर आला की मी तो हळूच ढकलून होलमध्ये घालायचा. काम साधंच. तरी आज कुणी मला विचारलं, "तू कुणाचा रे?" तर मला पटकन उत्तर देता येत नाही. पूर्वी येत होतं.

माझा जन्म किंकॅरीच्या बंदरावरचा. तिथं इसोबेलचे वडील होड्या दुरुस्त करायचे. मोडीत निघालेल्या एका होडीच्या पितळेतून त्यांनी माझं डोकं ओतलं आणि तिच्या लग्नाच्या दिवशी मला जावयाच्या हातात ठेवलं. म्हणाले, "मुलगी हट्टी आहे, हा सरळ आहे. दोघांना सांभाळ."

जावई म्हणजे वॉटी रिंटूल. गावचा पोस्टमन. चाळीस वर्षं त्यानं घरोघर टपाल वाटलं, एक पत्र चुकीच्या दारात पडलं नाही. संध्याकाळी मला घेऊन तो लिंक्सवर, समुद्राकाठच्या गोल्फच्या मैदानावर, यायचा. शेतं संपतात आणि समुद्र सुरू होतो, त्यांच्यामधली वाळूची, खुरट्या गवताची ती उंचसखल पट्टी. तिथं झाड नाही, आडोसा नाही. आहे तो वारा आणि पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, ज्यांत गेलेला चेंडू शोधायला नवखाच जातो.

दोन वर्षांपूर्वी काहीतरी बिघडायला लागलं. आधी मला वाटलं, माझंच. वॉटी मला छत्र्यांमध्ये ठेवायचा आणि छत्री पिशवीत घालून निघायचा. एकदा त्यानं माझ्यानं शेकोटीतले कोळसे उकरले. एकदा पहिल्याच फटक्याला मला उगारलं. चेंडू दहा पावलं गेला, आणि तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी कुणी अनोळखी. मी काय चुकलो ते मला कळेना. होलच्या कडेशी मात्र त्याचे हात जुनेच होते, अजिबात न थरथरणारे.

मग क्लबच्या समितीचं पत्र आलं. वॉटी दोनदा मैदानावर भरकटला होता. यापुढं त्यानं एकट्यानं खेळायचं नाही, आणि आणखी एकदा असं झालं तर खेळणंच बंद.

गेल्या मे महिन्यात एका मंगळवारी सकाळी थेल्मा गिलक्राइस्ट आली. समुद्रापासून लांबच्या लॅनार्क गावची. अठ्ठावीस वर्षं बस चालवून नुकतीच निवृत्त झालेली. तिथल्या झाडांमधल्या मऊ मैदानावर खेळायला शिकलेली. एकदा तरी समुद्राकाठी खेळायचं म्हणून एकटीच आली होती. क्लबचे सेक्रेटरी मॅकव्हिकर यांनी वॉटीला सांगितलं, पाहुण्या बाईंना मैदान माहीत नाही, जरा सांभाळून ने. पत्राबद्दल बाईंना ते काहीच बोलले नाहीत.

वॉटीनं ते काम अगदी मनावर घेतलं. छाती काढून चालत होता.

पहिले काही होल थेल्माची नुसती त्रेधा उडाली. घरच्या सवयीनं ती चेंडू उंच उडवायची. वारा तो उचलून बाजूला नेऊन टाकायचा. वारा पडला तर चेंडू बरोबर हिरवळीवर उतरायचा, पण थांबायचाच नाही. टणक जमिनीवरून घरंगळत पलीकडच्या वाळूच्या खड्ड्यात. ती म्हणाली, बरा फटका मारला तरी शिक्षा आणि वाईट मारला तरी शिक्षा, हा कुठला न्याय?

"वारा वरच्या मजल्यावर राहतो, बाई," वॉटी म्हणाला. "आपण तळमजल्यावरनं जायचं."

आणि हिरवळ चाळीस पावलं लांब असताना त्यानं मला तिच्या हातात दिलं. इतक्या लांबून कुणी पटर वापरतं का, असा तिचा चेहरा. मीही दचकलो होतो. वॉटीच्या आणि सासऱ्याच्या हातांखेरीज मला तिसरा हात ठाऊक नव्हता. तिचे तळवे रुंद, स्टिअरिंगनं घट्टे पडलेले. तिनं ढकललं. चेंडू एक उंचवटा चढला, उतरला, डावीकडे वळला आणि होलपासून वीतभर अंतरावर थांबला. ती मोठ्यांदा हसली. तेव्हापासून तिनं आपला हलका नवा पटर काढलाच नाही. मी कधी त्याच्या हातात, कधी तिच्या.

सातव्या होलवर समुद्राकडून धुकं आलं. आमच्याकडे ते चालत येत नाही, दार लोटून आत आल्यासारखं येतं. सातव्याची आणि अकराव्याची हिरवळ एकच आहे, मोठी, तिच्यावर निशाणं दोन. आम्ही ज्या निशाणापाशी चेंडू घातला ते अकराव्याचं होतं. मला ते पायाखालच्या उतारावरून कळलं, पण मी सांगणार कुणाला? वॉटी तरातरा पुढं निघाला. थेल्मा मागोमाग. पाहुणी होती, त्याच्यावर विसंबली होती.

पुढच्या पाटीवर बारा लिहिलं होतं. "आठवा होल," वॉटी म्हणाला. तिनं पाटीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि चेंडू मांडला. आम्ही खेळलो, चाललो, आणि थोड्या वेळानं पुन्हा त्याच पाटीशी आलो. क्लबचा भोंगा वाजला, सगळ्यांनी परत या म्हणून. पण धुक्यात आवाज चारी दिशांनी येतो. समुद्रही दोन्ही बाजूंना वाजत होता. फोन थेल्मानं गाडीतच ठेवला होता.

वॉटी थांबला. मला त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"इसोबेल," तो थेल्माला म्हणाला, "आपण आज कुणाकडे निघालोय गं?"

आणि उत्तराची वाट न बघता तो लाटांच्या आवाजाकडे चालू लागला. तिकडे खडक आहेत, आणि भरती चढत होती. मला आजवर त्याच्या हातात कधी भीती वाटली नव्हती.

थेल्मानं त्याला हाक मारून ओढलं नाही. मी इसोबेल नाही, असंही म्हणाली नाही. बसमध्ये दर आठवड्याला असं एखादं माणूस शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहायचं. त्याला तुमचं चुकलंय म्हणून सांगितलं की ते आणखी हरवतं, हे तिनं मला नंतर कधीतरी पुसता पुसता सांगितलं. त्या वेळी ती फक्त त्याच्या बाजूला गेली आणि माझं दुसरं टोक तिनं धरलं.

"घरीच जायचंय," ती म्हणाली. "घरी जाताना वारा कुठं लागतो हो?"

"पाठीवर," तो लगेच म्हणाला, जणू पत्ता वाचत होता. "पाठीवर घ्यायचा, मग ओढा लागतो. ओढा डाव्या हाताला ठेवायचा. पुलावर सांभाळ, फळी निसरडी असते."

मग आम्ही तसेच निघालो. मूठ त्याच्याकडे, माझं पितळी डोकं तिच्याकडे, मधे मी. पुढं तो होता. वाट तो दाखवत होता की ती, हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही. ओढा लागला. फळी खरोखरच निसरडी होती.

क्लबच्या दाराशी मॅकव्हिकर उभे होते आणि शेजारी वॉटीची बायको इसोबेल, डोक्यावर रुमाल बांधून. मॅकव्हिकर यांनी थेल्माला सरळच विचारलं, काय झालं? वॉटीचं खेळणं त्या एका उत्तरावर होतं.

"मी वाट चुकले," थेल्मा म्हणाली. "यांनी परत आणलं."

हे खोटं होतं का? मी खूप विचार केला. पूर्ण खरं नव्हतं, एवढंच म्हणतो.

वॉटी आत सूप प्यायला बसला. इसोबेल थेल्माला सोडायला गाडीपर्यंत आली आणि म्हणाली, आता मला खरं सांगा. थेल्मानं सगळं सांगितलं. खडकांचं सांगितलं. आणि जरा थांबून, "त्यानं मला तुमच्या नावानं हाक मारली," हेही सांगितलं.

इसोबेलनं गाडीचं दार धरून ठेवलं.

"नाताळपासून तो मला बाई म्हणतो," ती म्हणाली. "बाई, माझी बायको दिसली का कुठं, असं विचारतो. नाव आठवतं म्हणता त्याला? कसं म्हणाला? म्हणून दाखवा ना."

थेल्मानं म्हणून दाखवलं. अगदी त्याच्यासारखं, शेवटचा स्वर ओढून. इसोबेलनं रुमालाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

हे सगळं मी ऐकलं, कारण मी थेल्माच्या पिशवीत होतो. गाडी सुरू झाली तरी तिथंच होतो. वॉटीनं मला दारापाशी पिशवीत घातलं होतं. दोन्ही पिशव्या शेजारी होत्या. त्याला पिशवी ओळखू आली नाही, की पाहुणीला पटर द्यावासा वाटला? त्याच्या हातावरून मला नेहमी सगळं कळायचं. त्या दिवशी कळलं नाही.

लॅनार्कला पोचल्यावर थेल्मानं मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. लगेच फोन केला. इसोबेलनं तिकडे वॉटीला विचारलेलं मलाही ऐकू आलं.

"मी दिला?" तो म्हणाला. "मग दिला असेल. चांगल्याच माणसाला दिला असेल."

इसोबेल म्हणाली, राहू दे तुमच्याकडे. मैदानावर तो आता जात नाही. समितीनं नाही, तिनंच थांबवलं.

तेव्हापासून मी इथं आहे. इथलं गवत दाट आणि ओलं आहे. चेंडू जातो तितका जातो आणि झोपतो. समुद्र नसल्यामुळं मला दिशाच कळत नाहीत. थेल्मा चांगली आहे, दर रविवारी मला पुसते, पण कोपऱ्यात ठेवताना थोडी घुटमळते, जणू मला परक्याच्या घरातून उचलून आणलंय.

येत्या गुरुवारी ती मला घेऊन किंकॅरीला जाणार आहे. परत द्यायला की नुसतं भेटवायला, हे तिचंही ठरलेलं नाही. माझी एवढीच विनंती आहे. तिथं कुणी मला वॉटीच्या डोळ्यांपुढं धरून, "हे काय आहे, सांग पाहू?" असं विचारू नका. तो गोंधळेल, आणि मग मीही. नुसतं त्याच्या हातात द्या.