तिसऱ्या फळीवरची वेणी

मी एक जुने गंगावन आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांना हा शब्द ठाऊक नसेल. ज्यांचे केस आखूड किंवा विरळ असतात, ते कधी कधी आपल्या केसांत दुसरे केस अडकवून घेतात. त्या अडकवायच्या केसांना गंगावन म्हणतात. मी क्लिपांचे आहे. सकाळी लावायचे, झोपण्याआधी काढून ठेवायचे. सध्या मी शाळेच्या कपाटात बुटांच्या एका खोक्यात असते. शेजारी खडू आहेत, जुने नकाशे आहेत आणि पोचा आलेला पृथ्वीचा गोल आहे. त्यांच्यापैकी कुणी कधी कुणा पोराला फसवले नाही. मी फसवले आहे. मला मान असती तर ती खाली घालूनच मी ही हकिकत सांगितली असती.

माझ्यात किती जणींचे केस आहेत ते मला सांगता येणार नाही. मला आठवते ती एक लांबलचक खोली. तिथे बायका ओळीने बसून गुंते सोडवत. मुळे एका बाजूला, टोके दुसऱ्या बाजूला. थोडे केस जरी उलटे गेले तरी सगळा झुबका गुंततो, म्हणून त्यांची बोटे फार सावध असत. मग मला धुतले, वाळवले, एका रंगात आणले आणि तीन कापडी फितींवर शिवले. प्रत्येक फितीला बारीक दातांच्या क्लिपा लावल्या. एक पांढरा केस मात्र तसाच राहिला, त्याने रंग घेतलाच नाही. शिवणाऱ्या बाईने तो पाहिला, स्वतःशी हसली आणि आत सारून दिला.

तिथून मी केस कापणाऱ्या एका मावशींच्या दुकानात आले. एका दुपारी तिथे एक शिक्षिका आल्या. सगळे त्यांना बाई म्हणत, मीही बाईच म्हणते. एकोणिसाव्या वर्षी त्यांना मोठा ताप आला होता. ताप गेला आणि जाताना केस घेऊन गेला. नंतर आले ते विरळ, खांद्यालाही न पोचणारे. आता सुट्टीनंतर त्यांना नव्या शाळेत रुजू व्हायचे होते.

मावशींनी मला दुकानाच्या दारात, उजेडात नेले.

"दिव्याखाली रंग बघायचा नाही," त्या म्हणाल्या. "दिव्याखाली सगळंच छान दिसतं. आणि मुळांशी नाही, टोकांशी जुळवायचा. तुझे जिथं संपतात, तिथून पुढं हे दिसणार."

रंग जुळला. मग लांबीवर गाडी अडली. मावशींच्या दुसऱ्या हातात आणखी एक गंगावन होते, आखूड पण दाट.

"हे घे. खांद्याखाली चार बोटं. भरदार दिसतील आणि कुणाच्या मनातही येणार नाही."

"आणि हे?" बाईंनी मला धरले.

"ते जातं कमरेपर्यंत. तुझ्या केसांना पेलायचं नाही गं एवढं वजन. आणि सुट्टीत गेलीस खांद्याइतकी न् आलीस कमरेइतकी, तर लोक विचारतील, खत कुठलं घातलंस?"

बाई हसल्या. "नव्या शाळेत मला ओळखतंय कोण?"

त्यांनी मला निवडले. आखुडाला मागे सारून मला निवडले, याचा मला किती ताठा चढला म्हणून सांगू! आज तो आठवला की माझ्या क्लिपा आपोआप मिटतात.

मावशींनी मला लावायचे कसे ते शिकवले. कानाच्या वर आडवा भांग पाडायचा. मुळाशी उलटा कंगवा फिरवून केस थोडे फुगवायचे, म्हणजे क्लिपेच्या दातांना धरायला काही मिळते. मग टक. क्लिपेची जागा रोज बोटभर बदलायची, नाहीतर एकाच ठिकाणी ओढ बसून आहेत तेही केस जातात. आणि शेवटी त्या म्हणाल्या, "एक ध्यानात ठेव. हे वाढत नाही. तू विसरशील, बघणारे विसरत नसतात. अधूनमधून ये, बोटभर कापून देईन. मग कुणी विचारलं तर म्हणायचं, वाढले होते, कापले."

बाई परत कधी गेल्या नाहीत. माझे बोटभरही कापून घ्यायला त्यांचे मन होईना. मलाही तेच हवे होते.

घरी बाईंची आई होती. तिने मला पहिल्यांदा पाहिले आणि कपाळावर हात मारला. त्या दिवसापासून तिने माझे नाव ठेवले, शेपूट.

"आधी ते शेपूट काढ आणि मग जेवायला बस," ती रोज म्हणे.

"आई, हळू. खिडकी उघडी आहे."

"मग खिडकीलाच सांगते. माझी लेक हुशार आहे, तिला शेपटाची गरज नाही."

नव्या शाळेत पहिल्याच दिवशी दुसऱ्या एका शिक्षिकेने बाईंना विचारले, "काय हो, केसांना लावता तरी काय?" बाई म्हणाल्या, "विशेष काही नाही. घरचं तेल." एवढेसे खोटे. त्याने कुणाचे काही बिघडले नाही. मी पाठीवर डौलाने झुलले. कौतुक बाईंचे होत होते, पण मला वाटे ते सगळे माझेच.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला घरी भिंगरी म्हणत, कारण तिचा पाय जमिनीला टिकत नसे. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच तिला ताप आला, अगदी बाईंना आला होता तसाच. दोन महिन्यांनी ती शाळेत परतली ती डोक्याला रुमाल बांधून. खेळताना एका मुलाने तो ओढला. खाली कणसाच्या तुऱ्यासारखे चार केस भुरभुरत होते.

"कणीस आलं रे, कणीस!"

भिंगरी ओरडली नाही, मारायला धावली नाही. तिने रुमाल उचलला, बांधला आणि बाकावर जाऊन बसली. नंतर आठवडाभर ती जागेवरून उठलीच नाही.

बाईंनी त्या मुलाचे कान उपटले. मग आठवडा संपता संपता, सगळे मैदानावर गेल्यावर, त्या भिंगरीजवळ जाऊन बसल्या.

"मलाही असाच ताप आला होता," बाई म्हणाल्या. "माझेही केस असेच गेले होते."

हे खरे होते, मित्रांनो. पोरीने मान वर केली. तिची नजर सरळ माझ्यावर आली.

"मग?"

बाईंचा हात कानामागे गेला. त्यांची बोटे माझ्या क्लिपेवर टेकली. त्या क्षणी त्यांनी क्लिप उघडली असती तर पुढचे काही घडले नसते. मी क्लिपेचे दात घट्ट रोवून बसले. नको, नको, असे मी म्हणत होते. हात खाली आला.

"मग आले परत. रोज तेल लावलं. आले."

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरच्या तेलाची एक छोटी बाटली तिला दिली. भिंगरीने ती दोन्ही हातांनी घेतली. त्या दिवशी तिने रुमाल काढून दप्तरात ठेवला आणि मैदानावर धावली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. आपण चांगलेच काम केले असे त्यांना वाटले. मलाही वाटले.

पण भिंगरी होती हिशेबी. तिने वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले. एकावर लिहिले 'मी', दुसऱ्यावर 'बाई'. दर शनिवारी ती मोजपट्टीने स्वतःच्या केसांचे माप घेई. बाईंचे माप घ्यायचे कसे, तेही तिने शोधून काढले होते. वाचनाच्या तासाला बाई खुर्ची खिडकीकडे वळवून बसत आणि वेणी खुर्चीच्या पाठीवरून मागे सोडत. त्या पाठीला चार आडव्या फळ्या होत्या. भिंगरीचा बाक बरोबर मागे होता. वेणीचे टोक वरून तिसऱ्या फळीवर टेकले होते. तिने लिहिले, 'तिसरी फळी'.

पुढच्या शनिवारी तिसरी फळी. त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरी फळी. एक महिना, दोन महिने, पाच महिने. 'मी'च्या रकान्यात आकडे मुंगीच्या पावलाने चढत होते. 'बाई'च्या रकान्यात तिसरी फळी, तिसरी फळी, तिसरी फळी.

इकडे घाईघाईत बाई क्लिपेची जागा बदलायला विसरत. उजव्या कानामागे रोज तीच जागा, तीच ओढ. तिथले उरलेसुरले केस मी उपटून काढले आणि नाण्याएवढा चट्टा पाडला. जिचे उणे झाकायला मी आले होते, तिचेच मी आणखी उणे केले.

सहाव्या महिन्यात एक दिवस भिंगरी पुन्हा रुमाल बांधून आली. शाळा सुटल्यावर ती मागे रेंगाळली आणि तिने टेबलावर तेलाची बाटली ठेवली. बाटली अर्धीअधिक भरलेली होती.

"बाई, हे परत घ्या."

"का गं? संपवायचं असतं ते."

"मी थेंबथेंबच लावत होते, गेला महिनाभर तर लावलंच नाही. वाचवून ठेवलं." तिचा आवाज बारीक झाला. "मला दिल्यापासून तुमचे केस वाढायचे थांबलेत. मी मोजलंय. तिसऱ्या फळीच्या पुढं जातच नाहीत. तुमचं तेल मी घेतलं म्हणून. मला माहीत असतं तर घेतलंच नसतं, बाई. शप्पथ."

आणि तिने वहीचे शेवटचे पान उघडून दाखवले.

मित्रांनो, त्या पोरीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. तिला लाज वाटत होती. चोरी माझी, आणि लाज तिला!

बाईंनी काय करावे? त्यांनी ती बाटली घेतली. "बरं," एवढेच म्हणाल्या. भिंगरी दप्तर सावरत हळूहळू चालत गेली. पाय जमिनीला न टिकणारी पोर चालत गेली.

घरी आईने बाटली ओळखली. "ही परत कशी आली?"

बाईंनी सगळे सांगितले. आई वाढता वाढता थांबली.

"मग तू काय म्हणालीस?"

"बरं म्हणाले."

"बरं?" आईने पळी खाली ठेवली. त्या दिवशी तिने खिडकीकडे पाहिले नाही, आवाजही चढवला नाही. "एवढीशी पोर तुझ्यासाठी स्वतःच्या केसांची आशा सोडायला निघाली, आणि तुला हे शेपूट सुटेना?"

बाई जेवल्या नाहीत.

सकाळी त्यांनी मला लावले. सवयच ती. पण शाळेत घंटेच्या आधी त्यांनी भिंगरीला याच कपाटाच्या खोलीत बोलावले आणि दार लोटले. मग हात मागे नेला. टक. टक. टक. तिन्ही फिती त्यांनी टेबलावर ठेवल्या.

भिंगरी माझ्याकडे बघत राहिली. मग बाईंच्या डोक्याकडे. मग कानामागच्या चट्ट्याकडे.

"दुखतं?"

"थोडं."

"म्हणजे तुमचे आलेच नव्हते?"

"आले ते एवढेच. तेलानं आले की आपोआप, तेही मला ठाऊक नाही. तुझे वाढताहेत ते तुझेच आहेत, त्यात माझं काही नाही. आणि तू माझं काहीही घेतलं नाहीस."

"मग तुम्ही खोटं बोललात."

"हो."

भिंगरीने मला बोटाने उलटेपालटे केले. तिला तो पांढरा केस सापडला. "हे कुणाचे आहेत?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी कधी विचारलंच नाही."

घंटा झाली. भिंगरी बाईंकडे न बघता बाहेर गेली. बाईंनी मला तिथेच सोडले आणि तशाच वर्गात गेल्या. दार उघडे होते, म्हणून मला ऐकू आले. आधी कुणीतरी खुदकन हसले. मग एका मुलाने विचारले, "बाई, तुम्हाला बरं नाही का?"

"मला अगदी बरं आहे. माझे केस असेच आहेत. पुस्तकं काढा."

पुस्तके निघाली.

चार दिवस भिंगरी बाईंशी बोलली नाही. विचारले तर उत्तर देई, तेही फळ्याकडे बघून. बाईंनी तिला मनवले नाही. रागावण्याचा तिचा हक्क होता. पाचवा दिवस शनिवार होता. बाई खडू घ्यायला कपाटापाशी आल्या, तर मागोमाग भिंगरी आली. डोक्याला रुमाल नव्हता. हातात वही आणि मोजपट्टी.

"बाई, मागं वळा."

"कशाला गं?"

"आधीचं सगळं खोडलंय. खरं माप घ्यायचंय."

बाई वळल्या. पोरीने टाचा उंचावून मोजपट्टी त्यांच्या केसांना लावली, एक डोळा मिटून आकडा पाहिला आणि लिहून घेतला. मग म्हणाली, "माझ्यापेक्षा थोडेच जास्त आहेत."

दोघी हसल्या. मी खोक्यात होते. मला कुणी हसले नाही, आणि तेच मला जास्त लागले.

आता वर्षातून एकदा मुले नाटक बसवतात तेव्हा मला बाहेर काढतात. गेल्या वेळी मी राजाची दाढी झाले होते. सगळ्यांना ठाऊक होते की दाढी खोटी आहे, आणि सगळे टाळ्या वाजवत होते. तेवढा वेळ मला लाज वाटली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे केस लावण्यात पाप नाही. हौस असेल तर जरूर लावा. विंचरताना खालून वर विंचरा, क्लिपेची जागा बदलत राहा, झोपताना काढून ठेवा. पण तुमच्यासारखेच कुणी दुखरे पोर तुमच्या शेजारी येऊन बसले आणि "मग?" म्हणून विचारू लागले, तर तेव्हाही आम्हाला काढून ठेवा. आम्ही घट्ट धरून बसू, आमचे ऐकू नका. त्या पोरीच्या वहीत 'बाई'च्या नव्या रकान्यात आता आकडे आहेत. लहान आहेत, पण दर महिन्याला थोडे थोडे बदलतात. आणि त्या आकड्यांच्या वर, खोडल्याच्या रेघांखालून, मी अजून वाचता येते. तिसरी फळी, तिसरी फळी, तिसरी फळी.