मावशीचं बोट

मतदानाच्या शाईनं बोटाची कातडी सोलते, असं सांगणारा व्हिडिओ परदेशातून सोडलेला होता. खोट्या बातम्या तपासणाऱ्या महादेवपुऱ्यातल्या पाच संस्थांनी मिळून आठ दिवस खपून त्याचा माग काढला. मग त्यांतल्या एका संस्थेत काम करणाऱ्या वीणानं तोच व्हिडिओ, खाली 'हे साफ खोटं आहे' असं ठळक लिहून, ओळखीच्या झाडून सगळ्यांना पाठवला.

मतदान संपल्यावर ती आनेकलला कृष्णाबाई मावशीकडे गेली. मावशी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करायची. तिच्या बोटावर शाई नव्हती.

"मत नाही दिलंस?"

"कसं देऊ गं? बोटं सोलली तर शिवू कशानं? आमच्या शिलाईच्या लाइनीतली एकही बाई गेली नाही. मी सगळ्यांना व्हिडिओ दाखवला की."

वीणाचं डोकंच फिरलं. "कुठल्या मूर्खानं पाठवला तुला?"

"तूच की! दुसऱ्या कुणाचं ऐकते होय मी?"

वीणानं मावशीचा फोन ओढून घेतला, तो व्हिडिओ उघडला आणि तिच्या नाकासमोर धरला. "अगं, मग खाली एवढं मोठं काय लिहिलंय ते वाचायचं नाही?"

मावशी ओशाळून हसली.

"मला कुठं वाचाय येतंय, वीणे?"