मिठातली सुरी

गुरुदत्त सरपोतदारांनी सस्काटूनजवळच्या पोटॅशच्या खाणीत चौतीस वर्षं गंजाशी लढाई केली. खाणीतलं मीठ लोखंड खातं, आणि ते खाऊ द्यायचं नाही याचाच त्यांना पगार होता. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी डोकं अजून तिथंच अडकलेलं. त्यामुळे एका गुरुवारी नातीच्या खोलीत हीटरची जाळी बसवायला गेले आणि टेबलावर वाडगाभर मिठात खुपसलेली पोलादी सुरी दिसली, तेव्हा ते जाळी विसरलेच.

सुरी अक्षराची. वय वर्षं एकोणीस, आईवडील टोरोंटोत, आणि इथल्या युनिव्हर्सिटीत शिकते म्हणून मुक्काम आजी-आजोबांकडे. वर्षभरापूर्वी ती विक्कन झाली होती, निसर्गपूजा आणि जादूटोणा मानणाऱ्या पाश्चात्त्य पंथातली. म्हणजे पौर्णिमा पाळायची, चार दिशांना नमस्कार करायची, उदबत्त्या लावायची. "हे सगळं आपल्याकडे घरबसल्या मिळत होतं की!" असं तिच्या आजीचं, पद्मजाबाईंचं म्हणणं.

सुरी घ्यायला तिला गुरुदत्तांनीच गाडीतून नेलं होतं. पूजेची सुरी, काळ्या मुठीची, दुधारी. विक्कन लोक तिला अथामे म्हणतात. अक्षरानं डोळे मिटून एकेक सुरी हातात धरली आणि अकरा नापास केल्या. "पोलाद कुठलं?" असं त्यांनी विचारलं, तर दुकानदारीण म्हणाली, "द नाइफ चूझेस यू." पद्मजाबाईंचा पैठणी घेतानाचा प्रकार याहून वेगळा नसल्यामुळे त्यांनी वाद घातला नाही. परतीच्या वाटेवर अक्षरानं नियम सांगितले. हिनं फक्त हवेत वर्तुळ आखायचं, कापायचं काहीही नाही. आणि दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"प्रॉमिस, आजोबा?"

"प्रॉमिस," ते म्हणाले होते.

पण शुद्धीसाठी ती मिठात खुपसायची, असं काही ठरलं नव्हतं. पात्यावर तांबूस ठिपके उठले होते. हे बघून गप्प बसायचं म्हणजे बुडणाऱ्या माणसाला काठावरून टाटा करण्यासारखं. त्यांनी सुरी उचलली, बेसमेंटमध्ये नेली, गंज घासून काढला, शिलाई मशीनचं तेल चोळलं. तिथंच थांबले असते तर निभावलं असतं. पण अंगठा फिरवला तर धार कुठाय? बोथट सुरी परत करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दोन्ही बाजूंना अशी धार लावली की बस्स, आणि खात्रीसाठी एक टोमॅटो कापून पाहिला. कागदासारख्या चकत्या पडल्या. स्वतःवर खूश होऊन ते शीळ घालत होते, तेवढ्यात अक्षरा जिना उतरून आली.

"यू टच्ड इट."

"अगं, मिठानं पिटिंग होतं, पात्याला खड्डे पडतात—"

"इज दॅट अ टोमॅटो सीड?"

मग ती रडायला लागली. दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस सुरी जपायची, असा नियम होता. येत्या एकतीस तारखेला तिच्या मंडळातल्या बायका तिला दीक्षा देणार होत्या, तीही याच सुरीनिशी. आता नवी घ्यायची तर पुन्हा पहिल्यापासून. गुरुदत्तांना इतकी लाज वाटली की त्यांनी उरलेला टोमॅटोही लपवला.

तीन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. रविवारी चहाच्या वेळी त्यांनी कुरकुर केली, "एवढं काय, एका सुरीपायी?"

पद्मजाबाईंनी कप खाली ठेवला. "अहो, यशोधननं तुमच्या कानशीनं रंगाचा डबा उघडला होता. तेव्हा पोटच्या लेकाशी किती दिवस अबोला धरला होतात?"

"अठरा," गुरुदत्त म्हणाले. आणि चहा तसाच ठेवून उठले.

ती कानस त्यांच्या पहिल्या नोकरीतली, पुण्याहून इथवर आलेली. पोलाद घासायची ती पट्टी जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली असे आणि तिला घरात कुणी शिवत नसे. ती घेऊन ते अक्षराच्या दारात उभे राहिले.

"मी लावलेली धार तूच काढ. मी सुरीला हात लावणार नाही, नुसतं सांगेन."

अक्षरानं फ्लॅनेल उलगडलं. "धिस इज द फाइल? बाबानं रंगाचा डबा उघडला ती?"

"तीच."

"बट नोबडी टचेस धिस."

"नाही ना," ते म्हणाले.

तिनं फोनवरून मंडळातल्या मोठ्या बाईंना विचारून घेतलं. स्वतःच्या हातानं धार उतरवली आणि पुन्हा मंत्रून घेतली तर चालेल, असं उत्तर आलं. मग बेसमेंटमध्ये दोन तास खरखर चालली. "पुढे नेताना दाब, मागे आणताना उचल. अगं, उचल!" गुरुदत्त हात पाठीमागे घट्ट धरून ओरडत होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते एका चांगल्या धारेची वाट लागताना पाहत होते, आणि तीही स्वतःच्या कानशीनं. शेवटी सुरी लोणीसुद्धा कापेना, तेव्हा अक्षरा हसली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती, हत्यारांच्या पूजेचा दिवस. गुरुदत्तांनी दरवर्षीप्रमाणे बेसमेंटमध्ये पाट मांडला. ड्रिल, पाने, बर्फाचं फावडं, मधोमध कानस, वर ग्रोसरीतून आणलेली शेवंती. अक्षरा खाली आली आणि तिनं अथामे कानशीशेजारी ठेवली.

गुरुदत्तांचं कुंकवाचं बोट सुरीपर्यंत जाऊन हवेतच थांबलं. "लावू?"

तिनं विचार केला. "नो. मी लावते."

तिनं सुरीला कुंकू लावलं. मग, कुणालाही न विचारता, कानशीलाही. गुरुदत्तांनी तोंड उघडलं. पद्मजाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं.

"आता उद्यापर्यंत यातल्या कशालाही कुणी हात लावायचा नाही," थोड्या वेळानं ते म्हणाले. "शास्त्रच आहे तसं."

"आय नो, आजोबा," अक्षरा म्हणाली. "मी वर्षभर तेच सांगतेय."