छतावरचे बुडबुडे

दादाने लिलावातून लष्कराचा जुना वायरलेस ट्रक आणला, तेव्हा सगळ्यात जास्त हरखली ती वहिनी. ती बाहुल्यांचे खेळ करायची. ट्रकच्या पाठीवर पत्र्याची अख्खी खोलीच होती. बाहुल्या, पडदे, दिवे सगळं त्यात भरून गावोगाव फिरायचं, असं तिने ठरवूनच टाकलं. पण ट्रक धुवायला घेतला आणि आत तळं साचलं.

दादाच्या धाकट्या बहिणीचं डेंटिंग-वेल्डिंगचं गॅरेज होतं. सगळे तिला ठिणगी म्हणत. तिने चाकामागच्या पत्र्यावर हातोडी मारली, तर ती आरपार गेली.

"पत्रा कसला, चाळण झालीय याची!"

तिने गंज खरवडला, सडलेला भाग कापला, नवा पत्रा जोडला, प्रायमर मारला. मग पाण्याचा पाइप धरून बघितलं, तर मागच्या डाव्या कोपऱ्यात पुन्हा पाणी! तो कोपरा सीलंटने लिंपला, तरी पाणी तिथेच. घरजावयासारखं ठाण मांडून बसलेलं.

"भंगारात घाला याला," दादा वैतागला. "परवा खेळ आहे. मी टेम्पो सांगतो."

"थांब रे दादा!" ठिणगी एकदम उठली. "आपण पाणी आत कुठून येतंय ते शोधतोय. हवा बाहेर कुठून जाते ते बघू ना! पंक्चर काढतात तसं!"

वहिनीचे डोळे चमकले. "म्हणजे अख्ख्या ट्रकचं पंक्चर?"

दोघी कामाला भिडल्या. दारांच्या फटींना टेप लागली. रंग वाळवायचा ब्लोअर झरोक्यात बसवून ठिणगीने बटण दाबलं. वहिनीने पदर खोचला आणि साबणाच्या पाण्याची बादली, ब्रश घेऊन शिडीवरून थेट छतावर चढली. मागचा कोपरा, काही नाही. मधला सांधा, काही नाही. ती गुडघ्यांवर सरकत पुढे गेली, आणि पुढच्या पट्टीखालून फसाफसा बुडबुडे उसळले.

"सापडलं! अगं ठिणगे, सापडलं! वर ये लवकर!"

ठिणगी दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली. पट्टी उचकटली, तर खाली जुन्या एरियलची चार भोकं निघाली, कुणीतरी लांबी भरून बुजवलेली. लांबीचा भुगा झाला होता. पाणी पुढून शिरायचं आणि दोन पत्र्यांमधून वाहत मागे उतरायचं.

"लबाड कुठलं! आम्हाला उगाच मागे नाचवलंस!" ठिणगीने ट्रकला थोपटलं.

आतलं अस्तर काढून तिने भोकं वेल्डिंगने बुजवली, घासून सपाट केली, वरून सीलंट ओढला. दुसऱ्या दिवशी तो वाळल्यावर दादा म्हणाला, "आत मी बसतो. एक थेंब जरी पडला ना, तरी टेम्पो."

दार बंद झालं. ठिणगीने पाइप पूर्ण सोडला. पत्र्यावर नुसता ताशा वाजत होता. वहिनी दाराला कान लावून ओरडली, "अहो, काही बोला ना! गळतंय का?"

आतून आवाज नाही. तिने धाडकन दार उघडलं.

दादा भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होता. अंगावर एक थेंब नाही.

वहिनी हसून हसून खालीच बसली. ठिणगीने मात्र पाइप हळूच आत वळवला.